मदत हवी आहे : दिवसभर विड्या वळणाऱ्या आईने बसण्यात खंड कसा पाडावा?

नमस्कार. आम्ही निपाणीचे. साठीच्या घरात असलेली माझी आई लग्नाआधीपासून विड्या वळते आणि तिला रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिनची गोळी चालू आहे. सकाळी पाने कापायला बसली की स्वयंपाक आणि जेवण वगळता दिवेलागणीपर्यंत तिच्या मांडीवरचे सूप खाली उतरत नाही. डॉक्टरांनी तपासून हृदयाबाबत तूर्त काळजीचे कारण नसल्याचे सांगितले. मात्र रोज चालावे आणि सलग बसू नये, असे बजावले. पहाटे अर्धा तास ती नेमाने चालते. अडचण आहे ती दुसऱ्या सूचनेची.

२०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले होते. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचा वाढलेला मृत्यूचा धोका रोज साठ ते पंच्याहत्तर मिनिटांच्या मध्यम व्यायामाने जवळजवळ नाहीसा होतो, असे त्यात आढळले. म्हणजे आईचे चालणे त्या मानाने निम्मेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र हालचाल सलग दहा मिनिटे तरी झाली पाहिजे ही जुनी अट उरलेली नाही, त्यामुळे थोडे थोडे उठणेही जमेस धरता येईल, असे मी समजतो. पण मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि उठले की हात थांबतो. "तू पगारी माणूस, तुला उठायला काय जाते," हे तिचे उत्तर मला खोडता आलेले नाही.

दुसरी शंका बसण्याच्या पद्धतीची आहे. टांझानियातील हाडझा लोक दिवसाचे सुमारे दहा तास विश्रांतीत घालवतात, तरी त्यांचे हृदय निरोगी असते. ते बराच वेळ उकिडवे बसत असल्याने पायांचे स्नायू काम करत राहतात, असा एक तर्क २०२० मध्ये मांडला गेला. मांडी घालून बसण्यात तसे काही घडते का? मला तरी वाटते की नाही, कारण मांडीत पोटऱ्या सैल पडलेल्या असतात, आणि पायांतले रक्त वर ढकलण्याचे काम तर पोटऱ्यांच्या आकुंचनानेच होते. मग बसल्या जागी पाय लांब करून घोटे वरखाली हलवल्याने कितपत फरक पडेल?

काम सोडायला सांगा, असा सल्ला कृपया देऊ नये. तो पैसा तिचा स्वतःचा आहे आणि त्यावर बोललेले तिला खपत नाही. तंबाखूच्या धुळीचा प्रश्नही मोठाच आहे, पण तो इथे नको.

निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागात कुणाच्या घरी विडीकाम, शिवणकाम किंवा माग असेल, तर मजुरी फारशी न बुडता उठण्याची सवय कशी लावली, हे सविस्तर लिहावे. पाने भिजवणे, कट्टे बांधणे, माल पोहोचवणे ही कामे दिवसभरात विखरून ठेवता येतील का, एवढेच मला सुचले आहे. शिवाय संध्याकाळी तिचे घोटे सुजतात. अॅम्लोडिपिननेही अशी सूज येते, तेव्हा पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सूज बसण्याची की गोळीची हे विचारताना कोणत्या नोंदी सोबत न्याव्यात, हेही जाणकारांनी सांगावे.