मदत हवी आहे: लेक लेस्टरला जुनी प्लग-इन हायब्रिड घेतेय, ‘एमओटी पास’वर किती भरवसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय. मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. आठवड्याला तीन-चार रात्रपाळ्या, हॉस्पिटल घरापासून 14 मैलांवर. पहाटे परतताना बस मिळेलच असं नसतं, म्हणून तिने गाडी बघितली आहे. मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलवरही चालते आणि प्लगवर चार्ज करून विजेवरही), 2016 ची. डीलर साडेसात हजार पौंड सांगतोय आणि शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

एमओटी म्हणजे तिकडचं पासिंग. आपल्याकडे खासगी गाडी 15 वर्षं फिटनेससाठी आरटीओकडे न्यावी लागत नाही, पीयूसी काढली की झालं. तिकडे गाडीला तीन वर्षं झाली की दर वर्षी तपासणी. डीलरने विक्रीआधी ती ताजी करून घेतली आहे. बारा महिन्यांचं प्रमाणपत्र, त्यावर एकही शेरा नाही. मुलगी खूश आहे. मला मात्र झोप येत नाही, आणि त्याला कारण आहे.

तिकडे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की जुन्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात. तिने मला स्क्रीनशॉट पाठवले, मी ते वहीत उतरवून घेतले. 2023 ला 61,000 मैल. 2024 ला 61,900. यंदा 62,400. म्हणजे आधी वर्षाला आठ-नऊ हजार मैल पळणारी गाडी गेल्या दोन वर्षांत जेमतेम 1,400 मैल चालली. बाकी वेळ ती उभीच होती. शिवाय 2024 च्या तपासणीत तीन शेरे होते: मागच्या ब्रेक डिस्कना गंज, पुढचे टायर किमान मर्यादेजवळ झिजलेले, आणि पुढच्या डाव्या सस्पेन्शन आर्मचं रबरी बुश खराब व्हायला लागलेलं. यंदा तिन्ही गायब! टायर नवे दिसतात, ते फोटोत पाहिलं. पण डिस्क आणि बुश बदलल्याचं बिल डीलरकडे नाही. गंज काही आपोआप जात नाही ना?

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात 31 वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होतो. गो-नोगो गेजची ‘गो’ बाजू भोकात गेली आणि ‘नोगो’ बाजू अडली म्हणजे भोकाचं माप बरोबर, एवढंच आम्ही म्हणायचो. धातू कसा आहे, हीट ट्रीटमेंट नीट झाली का, हे गेज सांगत नाही. त्यामुळे माझा प्रश्न ‘एमओटी खोटी असते का’ असा नाही. या गाडीत एका पोटात दोन गाड्या आहेत: दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढे आणि मागे एकेक मोटर, आणि 12 किलोवॅट-तासांची बॅटरी. यातलं नेमकं काय त्या तपासणीत बघितलं जातं, आणि काय बघितलंच जात नाही? शेरे गायब होण्याचा अर्थ काय लावायचा? आणि लेकीने शनिवारच्या आत स्वतः काय बघावं? इथे आमच्या गॅरेजवाल्याने प्लग-इन हायब्रिड उघडलेली नाही, त्यामुळे त्याला विचारून उपयोग नाही.

तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद – मिडलँडकर

काका, तुमचं गेजचं उदाहरण अगदी बरोबर आहे. एमओटी सांगते की तपासणीच्या दिवशी गाडी किमान मापात बसली. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची अवस्था त्यात येतच नाही. काही उघडून बघायला तपासनीसाला परवानगी नाही, जे दिसतं तेवढंच बघायचं. हायब्रिड असल्यामुळे धुराची यंत्रावरची मोजणीसुद्धा होत नाही. बॅटरी घट्ट बसली आहे का, गळत नाही ना, वायरी फाटलेल्या नाहीत ना, इतकं बघतात. बॅटरीत जीव किती उरलाय याचा खानाच नाही.

गंजाचं म्हणाल तर या गाड्यांचा तो स्वभावच आहे. ब्रेक दाबला तरी बराचसा वेग मोटरच खाते आणि त्याची वीज बॅटरीत भरते. ब्रेकचे पॅड डिस्कला फारसे घासतच नाहीत, त्यात गाडी उभी राहिली की गंज धरलाच. डीलरने थोडी जोरात चालवून, ब्रेक मारून वरचा गंज घासून काढला असेल, तर ब्रेकच्या चाचणीत हवा तो आकडा येतो आणि गाडी पास होते. शेरा लिहिणं हे शेवटी माणसाच्या नजरेवर आहे. एकाला दिसतं, दुसऱ्याला नाही. पण फाटू लागलेलं रबरी बुश आपोआप बरं होत नाही. ते बदललंय की नाही, हे लेखी मागा.

ताईंना सांगा, अलॉय चाकाच्या फटीतून मागच्या डिस्कवर टॉर्च मारा, आतल्या बाजूनेही. पूर्ण रुंदीला चकाकी हवी. मधे चकचकीत पट्टा आणि कडांना खपल्या असतील तर डिस्क-पॅडचा खर्च धरा. दुसरं, आणि हे बहुतेक लोक विसरतात: चाचणी फेरी विजेवरच संपते आणि पेट्रोल इंजिनाचा आवाजही ऐकू येत नाही. ‘चार्ज’ बटण दाबा, इंजिन सुरू होईल. दहा मिनिटं चालू द्या, आवाज आणि धूर बघा. इंजिन थंड असताना केलं तर उत्तम.

प्रतिसाद – अलकापुरीकर

माझा भाऊ कोव्हेंट्रीला हीच गाडी वापरतो. विजेवर अजून किती मैल जाईल हे डॅशबोर्ड दाखवतो, त्यावर जाऊ नका, तो आकडा आधी कशी चालवली त्यावर हलतो. रात्रभर पूर्ण चार्ज करायला सांगा आणि इंजिन स्वतःहून सुरू होईपर्यंत किती मैल गेली ते मोजा. नवी असताना कागदावर 32.5 मैल होते, प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिळायचे. ओबीडी प्लग (गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं यंत्र) लावून मोबाइलवर बॅटरीची क्षमताही वाचता येते. 300 व्होल्टला 12 किलोवॅट-तास, म्हणजे नवी असताना 40 अँपिअर-तास. आता तीसच्या खाली असेल तर भाव त्या हिशोबाने करा. आणि ताई राहतात तिथे प्लग लावायची सोय आहे ना? भाड्याच्या घरात हे आधी विचारा, नाहीतर बॅटरीचं ओझं वागवत पेट्रोलवरच फिरावं लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. प्लगचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आत्ताच फोन केला. घरमालकाने अंगणातल्या तीन पिनच्या सॉकेटला हो म्हटलंय, पण लेखी दिलेलं नाही. ते मागायला सांगितलं.

डीलरला आज पत्र लिहवून घेतलं: बुश बदललंय का, डिस्कचं काय केलं, आणि एका स्वतंत्र मेकॅनिकला गाडी दाखवायची मुभा आहे का. नकार आला तर ती गाडी सोडायची, असं लेकीने स्वतःच ठरवलं.

@मिडलँडकर, एक शेवटचं. पैसे भरल्यावर मेकॅनिकने सांगितलं की हे पास व्हायलाच नको होतं, तर दाद कुठे?

प्रतिसाद – मिडलँडकर

डीव्हीएसएकडे, म्हणजे एमओटीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे. यांत्रिक दोषासाठी तपासणीपासून 28 दिवस, गंजासाठी तीन महिने. मुदत खरेदीच्या नव्हे, तपासणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून प्रमाणपत्रावरची तारीख आजच बघा. त्या दोषाला तोवर कुणी हात लावायचा नाही, नाहीतर ते बघणार काय? आणि डीलरकडून घेतलेली गाडी सदोष निघाली तर 2015 च्या ग्राहक कायद्याने 30 दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेतली तर हा हक्क नाही. त्यामुळे पावतीवर दुकानाचंच नाव येईल, हे ताईंनी बघावं.