पडद्यावरचा टॅटू तेल-कापसाने निघतो, पोरांचा निघत नाही

रनिंगवाला मास्तर

भरतीच्या पोरांना पहाटे पळवणं हे माझं काम. पाच वाजता मैदान, सोळाशे मीटर, मग बीम, मग चहा. गेल्या आठवड्यात एक पोरगं भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून पळत होतं. आमच्या बॅचमधलं सगळ्यात पुढं असणारं पोर. मला शंका आली, बाही वर करायला लावली. दंडावर सिंहाचं तोंड, त्याखाली 'आई-बाबा'. खपल्या नुकत्याच गेलेल्या, कातडी अजून चकचकीत.

सैन्यभरतीचा नियम सगळ्या अकॅडम्यांच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. कायमचा टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंड, छाती, मान, पाठ, पोटरी यातलं काही चालत नाही. सिंह नऊ इंच खाली आणि आत असता तर पोरगं पास होतं! आता मेडिकलला बाही वर होईल आणि दोन वर्षांचं पळणं तिथं संपेल.

"कुठं बघितलंस हे?" विचारलं तर त्यानं मोबाईल पुढं केला. विकेट पडली, खेळाडू धावत आला, कॅमेरा त्याच्या दंडावर. मग एका सिनेमाचं पोस्टर. मग एका वेब सीरिजमधला डॉन, मानेवर विंचू.

माझं म्हणणं एवढंच आहे. 2008 साली 'गजनी' आला तेव्हा आमिर खानची छाती गोंदणानं भरलेली होती आणि तो सगळा मेकअप होता. शूटिंग संपलं की तेल-कापूस, झालं साफ. पडदा टॅटू काढून घेताना दाखवतो, तो काढून टाकताना कुणी दाखवत नाही. ह्या धंद्यात सिनेमा, क्रिकेट आणि रीलवाले जबाबदार आहेत की नाही, बोला.

काळी शाई

मास्तर, मी अकरा वर्षं पुण्यात टॅटू काढतो, म्हणून आधीच सांगतो, मी पक्षपाती आहे.

अकरा वर्षांत 'गजनीसारखं काढा' म्हणत एकही माणूस आलेला नाही. विराटचा हात दाखवत येतात, खरं आहे. पण माझ्या वहीतली निम्मी कामं कुठल्याच पडद्यावरची नाहीत. राजमुद्रा. 'आई'. बाबासाहेबांची सही. तान्ह्या लेकीच्या पावलांचे ठसे, तेही दवाखान्याच्या कागदावर उठवलेले, तिसऱ्या दिवशी बाप तो कागद घेऊन दारात उभा. ह्यात बॉलिवूड कुठून आलं?

आणि जत्रेत बॅटरीवर चालणारं मशीन घेऊन बसणारा माणूस आठवतो का? ठरलेली नक्षी, ठरलेला भाव, नाव असेल तर अक्षराला पैसे. इन्स्टाग्राम यायच्या कितीतरी आधी गावोगावची पोरं मनगटावर बदाम आणि त्यात एक अक्षर काढून घेत होती. तेव्हा कुणी धागा काढला नाही, कारण ती पोरं हमाली करायची आणि त्यांचं गोंदण कुणाला दिसत नव्हतं. आता इंजिनियरची पोरं काढतात, म्हणून 'माध्यमांचा प्रभाव'.

तुमच्या पोराला ज्यानं दंडावर काढून दिलं त्यानं विचारायला हवं होतं, हे मात्र मान्य. ती चूक कारागिराची.

माणदेशी दुरडी

ह्या विषयावर बोललं की दोन उत्तरांनी कुणीतरी 'आपल्या आजीचं गोंदण किती सुंदर' म्हणून येणार, त्याआधी मीच येते.

माझ्या आजीच्या हातावर तुळस, विंचू आणि सीतेची पावलं होती. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपका. तिला आवडायचं का? मी विचारलं होतं. म्हणाली, "आठ वर्षांची व्हते. एका आत्यानं पाय धरलं, दुसरीनं डोकं." गोंदणारीण दारोदार यायची, तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, काजळीत बुडवायच्या आणि टोचायच्या. नंतर वर हळद. मोबदला म्हणजे सुपभर जोंधळे आणि एक जुनं लुगडं. गोंदलं नाही तर सासर पदरात घेत नाही, मेल्यावर बाकी सगळं काढून घेतात आणि गोंदण तेवढं बरोबर येतं, हे तिला त्या वेळी सांगितलं होतं. आठ वर्षांच्या पोरीला मरणाचं काय घेणं!

मास्तर, तुमच्या पोरानं निदान स्वतःच्या पायानं चालत जाऊन काढला. म्हणून 'पूर्वी परंपरा होती, आता फॅशन' हे रडगाणं मला पटत नाही.

तक्रार मालिकांबद्दल करायचीच असेल तर माझी वेगळी आहे. गावाकडची बाई दाखवायची की लगेच हनुवटीवर पोपटी रंगाचे तीन टिकले, कडा कशा पट्टीनं आखल्यासारख्या. काजळी कातडीच्या आत गेली की वर निळसर-हिरवी दिसते आणि वर्षांनुवर्षं पसरत जाते. आजीचा विंचू शेवटी शेवटी खेकडा वाटायचा. आणि मालिकेत ते टिकले असतात मोलकरणीच्या, नाहीतर कजाग सासूच्या तोंडावर. त्याच वाहिनीवरच्या रिअॅलिटी शोची परीक्षक मनगटावर पिसं आणि पक्षी मिरवते, ती 'बिनधास्त'.

पिटातला प्रेक्षक

सिनेमाला सरसकट झोडपण्याआधी 'दीवार' आठवा. 1975. छोट्या विजयला धरून त्याच्या हातावर जबरदस्तीनं गोंदतात, 'मेरा बाप चोर है'. पोरगा मोठा होतो, गाड्या येतात, बंगला येतो, पण हातावरची ओळ जात नाही. मास्तर, तुम्ही म्हणता पडदा टॅटूची किंमत दाखवत नाही. ह्या सिनेमानं तर दुसरं काही दाखवलंच नाही!

आणि ते नुसतं पटकथाकारांच्या डोक्यातून आलेलं नाही. कंपनी सरकारच्या काळात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत असत, 'गोदना' म्हणत त्याला. 1849 साली ते बंद झालं. बंद झालं म्हणायचं फक्त, कारण 1993 मध्ये अमृतसरच्या पोलिसांनी चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' गोंदवलं. कोर्टात आल्या तेव्हा डोक्यावरची ओढणी कपाळापर्यंत खाली ओढलेली. त्या पोलिसांना शिक्षा व्हायला 2016 उजाडलं. तेवीस वर्षं त्या बायका आरशात काय वाचत असतील?

म्हणून माझा प्रश्न मास्तरांच्या प्रश्नाहून वेगळा आहे. टॅटू कुठून बघितला ह्याला फार अर्थ नाही. सुई धरलेला हात कुणाचा आणि 'हो' कुणी म्हटलं, तेवढं बघा.

रनिंगवाला मास्तर

पिटातले दादा, तुमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. 'दीवार'मधलं गोंदण लोकांनी भीतीनं बघितलं. आज तसलंच गोंदण डॉनच्या मानेवर दाखवतात आणि खाली पार्श्वसंगीत लावतात. बघणारं पोरगं अठरा वर्षांचं. त्याला 'हो' कुणी म्हणायला लावलं? आत्यानं पाय धरले नाहीत, मान्य, पण दिवसाला दोनशे रील बघितल्यावर तो निर्णय त्याचा एकट्याचा राहतो का?

दुरडीताई, आजीची गोष्ट वाचून गप्प झालो. माझ्या आईच्या हातावर वडिलांचं नाव आहे. तिला कधी विचारलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचा

मास्तरांनी नियम सांगितला, पण अर्धा. त्याच नियमात पुढं आहे की ज्या जमातींमध्ये गोंदण ही चालत आलेली रीत आहे, त्यांच्या उमेदवारांचं प्रकरण वेगळं तपासून त्यांना सूट देतात. आमच्याकडे भिल्ल बायकांच्या डोळ्यांच्या कोपऱ्याशी बारीक रेघा-ठिपके असतात. सरकारला कळतं की कातडीवर एक ओळख असू शकते. तुम्हाला कळायला काय हरकत आहे?

माध्यमांचं म्हणाल तर आमच्या म्हाताऱ्यांचे फोटो काढायला मोठाल्या लेन्स घेऊन माणसं येतात. चेहरा मोठा, नाव नाही. छत्तीसगडच्या रामनामी लोकांचंही तेच झालंय. देवळात घेतलं नाही म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी अख्ख्या अंगावर 'राम' गोंदवून घ्यायला सुरुवात केली. देऊळच अंगावर आणलं, आता अडवा! एवढा मोठा सवाल होता तो, पण कॅलेंडरवर छापताना खाली फक्त 'अनोखी भक्ती' लिहितात.

एक अपवाद सांगतो. फिलिपिन्समध्ये कलिंग जमातीची वांग-ओड नावाची म्हातारी आहे, काट्यानं आणि काठीनं गोंदते. एप्रिल 2023 मध्ये 'व्होग'च्या तिथल्या आवृत्तीनं तिला मुखपृष्ठावर घेतलं, वय 106. नावासकट. आपल्याकडच्या किती गोंदणारणींची नावं तुम्हाला माहीत आहेत? एकही नसेल. मलाही नाही.

टिंगलखोर

इतकं गंभीर चाललंय म्हणून थोडं पाणी शिंपडतो.

डेव्हिड बेकहॅमनं हातावर बायकोचं नाव देवनागरीत गोंदवून घेतलं, 'व्हिक्टोरिया'. जगभरच्या पेपरांनी टिंगल केली की हिंदीत चुकलं, मध्ये 'ह' जास्तीचा घातला, 'विक्टोरिया' हवं होतं. अहो, चुकलं कुठं? आपण व्हीटीला इतकी वर्षं व्हिक्टोरिया टर्मिनसच लिहिलं! त्या माणसाच्या हातावर शुद्ध मराठी आहे आणि आपण साधा अभिमानाचा फॉरवर्ड काढला नाही.

काळी शाई

टिंगलखोर, हे मी दुकानात लावणार.

पण शुद्धलेखन खरंच डोकेदुखी आहे. 'आशीर्वाद' चुकीचा लिहून आणणाऱ्याला दुरुस्त केलं तर म्हणतो, "राहू द्या, आईनं असाच लिहून दिलाय." मग तसाच काढला. ती चूक आता त्याच्या आईची आहे, आपण कोण पुसणारे?

मास्तर, तुमच्या 'दोनशे रील'वर. पोरगं भरतीला जायचं ठरवतं तेही पडदा बघूनच ना? वर्दीवरचे सिनेमे बघून पळायला लागलेली किती पोरं तुमच्या मैदानावर आहेत, मोजा एकदा. तो प्रभाव चांगला आणि माझा तेवढा वाईट?

पिशवी नंबर बी पॉझिटिव्ह

रक्तपेढीत काम करते. कुणाची बाजू घ्यायला आले नाही. टॅटू किंवा टोचकाम केल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, कारण सुई स्वच्छ नसेल तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. गणपतीत मंडळाच्या शिबिरात दहा-पंधरा पोरं रांगेतून परत पाठवते, सगळ्यांच्या हातावर नवाकोरा गणपती. भांडतात माझ्याशी. नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढायला लावा, शाई ओतायची वाटीसुद्धा नवी मागा. जत्रेतल्या मशीनला एकच सुई सकाळपासून असते.

माणदेशी दुरडी

रक्तपेढीवाल्या ताईंचं वाचून आठवलं. पेपरात पोलिसांच्या छोट्या चौकटी येतात, 'अनोळखी इसम, वय अंदाजे 40, रंग सावळा, उजव्या हातावर आई असे गोंदलेले'. लहानपणी मी त्या आधी वाचायचे. सिनेमात हरवलेले भाऊ गोंदणावरून गळ्यात पडतात, इथं बहुतेकदा मृतदेह ओळखायला. ज्यांच्या खिशात कधी ओळखपत्र नव्हतं, त्यांनी ते हातावर लिहून ठेवलेलं. शाईवाले दादा, तुम्ही म्हणालात ना, हमाली करणाऱ्यांचं गोंदण कुणाला दिसत नव्हतं. पोलिसांना दिसायचं.

पिटातला प्रेक्षक

ह्या चौकटीवर सिनेमा निघायला हवा.

सातपुड्याच्या पायथ्याचा

निघेल. आणि हनुवटीवर पोपटी टिकले असतील.

रनिंगवाला मास्तर

शाईवाले, वर्दीच्या सिनेमाचं बोललात ते लागलं, खोटं बोलत नाही. पण फरक आहे. पळायला लागलेलं पोरगं पुढच्या महिन्यात पळायचं सोडू शकतं. सिंह सोडता येत नाही. कातडीच्या डॉक्टरकडं नेलं होतं परवा. ते म्हणाले, लेझरनं शाईचे बारीक तुकडे होतात आणि अंग ते हळूहळू वाहून नेतं, म्हणून एका बैठकीत काम होत नाही, दोन बैठकांमध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि तरी डाग राहू शकतो. काढायला जेवढे गेले त्याच्या कितीतरी पट पुसायला. त्याच्या बापानं शेळ्या विकायच्या म्हटल्यावर पोरगं बाहेर जाऊन बसलं.

माध्यमांवर माझा राग आहे तो आहे, तो काही जाणार नाही. तुम्हाला एकच विचारतो. उद्या अठरा वर्षांचं पोर दंड पुढं करून आलं, तर काय विचाराल?

काळी शाई

दहावी-बारावीनंतर काय करणार, हे विचारतो. भरती म्हणाला की कोपराच्या खाली आतल्या बाजूला, नाहीतर घरी जा. त्यातले निम्मे घरी जातात, आणि त्यातले काही दुसऱ्या दुकानात जाऊन दंडावरच काढतात. सोनारानंच कान टोचायला लागतात, पण सोनाराकडं थांबतंय कोण!

नियम एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवा. तुमच्याच भाषेत लिहा, माझी पुण्याची वाचून कुणी ऐकत नाही. खुर्चीसमोर लावतो.

रनिंगवाला मास्तर

रविवारी लिहून पाठवतो. पोराचा सिंह फोटोत घालू का खाली? त्याला विचारलं, चालेल म्हणाला. तोंड दाखवू नका म्हणाला फक्त, त्याचं. सिंहाचं चालेल.