देवळासाठी देवराईतली झाडं तोडणं धर्मात बसतं का?

आजऱ्याचा_गडी
नमस्कार मंडळी, मी नोकरीला कोल्हापुरात पण गाव आजरा तालुक्यात. गावाबाहेर रवळनाथाची राई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान हाय, आत जुनं कौलारू देऊळ, शेजारी बारमाही झरा. आता जीर्णोद्धार काढलाय, स्लॅब, फरशी आणि गाड्या आतपर्यंत जायला रस्ता, त्यासाठी मोठी झाडं तोडायची म्हणतात, त्यातलं एक जांभूळ तर दोघांच्या कवेत मावत नाही. आमची आजी राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणू द्यायची नाही. कमिटी म्हणते देवासाठीच तोडतोय, कौल लावून, म्हणजे देवालाच विचारून परवानगी घेऊ. मी बोललो की देवाच्या कामात आडवा येतोय म्हणतात. काय म्हणणं मांडू?

राधानगरी_भटक्या
भावा, देवळाच्या आधी राई असते हे पहिलं सांग. किती रायांत देव म्हणजे झाडाखालचा शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, वर छप्पर नको हीच देवाची इच्छा असं जुनी माणसं सांगतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया फिरून नोंदी केल्यात, त्या कमिटीला दाखव. आणि जुनं झाड गेलं की नुसतं लाकूड जात नाही. धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच मावेल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवतो, तसली ढोली नवीन रोप लावून आपल्या हयातीत मिळत नाही. झऱ्याचंही तेच, पालापाचोळा आणि मुळं पाणी जिरवतात म्हणून तो उन्हाळ्यात वाहतो, मग फरशी घालून कुठलं पाणी जिरणार?

शिरोळकर
आम्ही जैन. झाड एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेला जीव मानतो. गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही हे मान्यच आहे, पण अनर्थदंड म्हणजे विनाकारण केलेली हिंसा सोडायचं व्रत श्रावकाला, म्हणजे संसारी जैनालाही आहे. गाडी थेट गाभाऱ्यापर्यंत नेणं ही गरज आहे का, एवढंच विचारा.

रंकाळा_७७
देव बाजूला ठेवा, आजीच्या पिढीला भीती होती, आताच्या पोरांना नाही, म्हणून कायदाच धरा. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे, जांभूळ, अंजन, हिरडा त्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आधी सातबारा काढून जमीन कुणाच्या नावावर ते बघा.

बागवान_भाई
रंकाळा, नुसती भीती नव्हती हो, ती अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव होती. आमच्यातबी माणूस जमिनीचा मालक नाही, राखणदार आहे. हातात रोप असताना कयामत आली तरी ते लावून टाका अशी हदीस, म्हणजे पैगंबरांची शिकवण आहे. कायदा पाहिजेच, पण कागद दाखवून गाव मनातनं तयार होत नाही, आजीचं नाव घेऊन बोला, लोक ऐकतील.

आजऱ्याचा_गडी
लय आभार सगळ्यांचे. सोमवारी तलाठ्याकडं जाऊन सातबारा बघतो. बैठकीत दोनच गोष्टी मांडणार, गाड्या पारापाशी थांबवून पुढं चालत जायचं आणि देऊळ कौलारूच ठेवून डागडुजी करायची. कौलारू छपराचं जुन्या पद्धतीनं काम करणारा सुतार आजरा-गडहिंग्लज बाजूला कुणाच्या माहितीत असला तर सांगा, बैठकीआधी खर्चाचा अंदाज हातात पाहिजे.