काठावरचा चट्टा टांकसाळीतला नाही
१८४० च्या रुपयाच्या काठावरचा काळसर चट्टा ही टांकसाळीतली चूक असावी, हे त्या नाण्याबद्दल मांडलेले मत मला पटत नाही. तो नाण्यावरच्या राणी व्हिक्टोरियाच्या डोक्याच्या नेमका वर, काठाला आहे आणि तेवढ्याच जागी काठाच्या रेघा घासलेल्या आहेत, यावरून तेथे हारात ओवण्यासाठी डाख (धातूचे तुकडे जोडण्यासाठी वितळवून लावलेला मिश्रधातू) देऊन कडी बसवली असावी, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. आमच्या आजीच्या हारातल्या रुपयाची कडी निघाली तेव्हा भिंगाखाली असाच डाग दिसला. चांदीहून पिवळसर, बारीक छिद्रांचा डाख रेघांच्या खाचांत भरून राहिला होता. कडी होती की नाही, याचा केवळ वजनावरून मात्र निर्णय करू नये, कारण मूळ ११.६६ ग्रॅममधून झिजेने घटलेले वजन उरलेला डाख भरून काढू शकतो. आणि कृपया तो चट्टा घासू नका.