कबुलीजबाब, हितगुज की नुसतं 'कन्फेशन'?

रेवा

एक पत्रक मराठीत करतेय. विद्यार्थ्यांसाठी आहे, विषय निनावी कन्फेशन पेजेस. कॉलेजच्या नावाने कुणीतरी पेज उघडतं, फॉर्मची लिंक देतं, मुलं नाव न देता मनात येईल ते लिहितात आणि ॲडमिन क्रमांक घालून ते पेजवर टाकतो. मूळ इंग्रजीत एक सूचना आहे. कोशातला शब्द उचलून मी ती अशी केली: 'कबुलीजबाबात दुसऱ्या कोणाचेही नाव घेऊ नका.'

तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारलाय: 'हा सल्ला टोळीच्या म्होरक्याने दिलेला वाटतो.' हसू आलं, पण शब्द अजून सापडलेला नाही. इंग्रजी शब्द शक्यतो नकोत अशी अट आहे. सुचवा.

तळटीप

'जबाब' गाळा, काम झालं. कबुली. 'कबूल' मूळ अरबी, आपल्याकडे फारसीमार्गे आला, अर्थ 'स्वीकार' एवढाच. त्यात गुन्हा कुठेच नाही. कबुलायत म्हणजे रयतेने जमिनीच्या अटी मान्य केल्याचा कागद. जबाबही बिचारा मुळात नुसतं 'उत्तर'. दोघे एकत्र आले आणि ठाण्यात जाऊन बसले. एकट्या कबुलीला अजून बरे दिवस आहेत, प्रेमाची कबुली आपण देतोच की. या पेजेसवर मुख्यतः तेच चालतं ना?

जुना खोडरबर

मला कबूल नाही. कबुली द्यायची तर आधी कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. 'तूच केलंस ना?' 'हो, मीच.' इथे या पोरांना विचारलंय कुणी? शिवाय 'मीच' म्हणायला समोर 'मी' लागतो. निनावी कबुली हा वदतोव्याघात आहे. चांगला शब्द हाताशी असताना अरबस्तानात कशाला जायचं? आत्मनिवेदन.

तळटीप

खोडरबरकाका, आत्मनिवेदन ही नवविधा भक्तीतली नववी. श्रवणापासून निघून, सख्याच्याही पुढे, जिथे मी-पण उरत नाही तिथे पोचायचं. त्या पायरीवर 'बी डिव्हिजन, तिसरा बाक, निळा कुर्ता, प्लीज एकदा वळून बघ ना' बसवणार? (मी-पण उरत नाही हे निनावीपणाला लागू पडतं, तेवढं मान्य.)

सेमिस्टरग्रस्त

काका लोक, एक मिनिट. मी असं पेज चालवलंय, आता दुसऱ्याच्या गळ्यात घातलंय. कबुली कुणीही म्हणत नाही. 'कन्फेशन टाकलं', 'माझं पडलं का?', 'ॲडमिन, कालचं अजून आलं नाही', बास.

आणि येतं त्यातलं फार थोडं कबुली असतं. क्रश असतात. 'लायब्ररीतून चार्जर नेणाऱ्या महात्म्यास' असतं. एखाद्या सरांवरचा राग असतो, तो आम्ही टाकत नसू. कुणाची तरी बदनामी करायला भावनेचा मुलामा देऊन पाठवलेलं असतं, ते ओळखायला शिकावं लागतं: त्यात 'मी' एकदा येतो आणि 'ती' नऊ वेळा. आणि मग रात्री दोननंतर येतात ती. 'दोन विषय राहिलेत, घरी सगळं क्लिअर सांगितलंय, आता बाबा निकालाची प्रिंट मागतायत.' ही खरी कबुली. हिच्याखाली चार कमेंट. निळ्या कुर्त्याखाली मात्र अख्खं कॉलेज एकमेकांना टॅग करतं, 'भावा, तूच ना?'

ओसरी

'कन्फेशन टाकलं' की 'टाकली'? माझी भाची 'माझी कन्फेशन आली' म्हणते, मला ते कानाला खटकतं.

सेमिस्टरग्रस्त

टाकलं. 'टाकली' म्हणजे मनात 'पोस्ट' आहे.

जुना खोडरबर

परका शब्द घेतला की आधी त्याचं लिंग ठरवत बसा. म्हणून म्हणतो, घेऊच नका.

वकिली बाणा

कोर्टातल्या मराठीत कन्फेशनला कबुलीजबाब हाच शब्द रुळलेला आहे, त्यामुळे तपासणाऱ्या बाईंचा कान बरोबर. गंमत अशी की ठाण्याचा वास असलेल्या या शब्दाची ठाण्यातच किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ झालं.

रेवाताई, तुमच्या वाक्यात मला 'कबुलीजबाब'पेक्षा 'नाव' जास्त खटकतं. नाव न घेताही बदनामी होते. 'बी डिव्हिजन, तिसरा बाक, निळा कुर्ता' यात नाव कुठे आहे? पण वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. 'ओळख पटेल असा तपशील देऊ नका' असं करा.

रेवा

हे फार उपयोगाचं, आभार. पण कशात देऊ नका? तो शब्द राहिलाच.

समुद्रकाठ

आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे हा शब्द आमच्या घरातला. मराठीत पापनिवेदन म्हणतात, आणि कोकणी बोलणारे नातेवाईक 'कुमसार' म्हणतात, तो पोर्तुगीजातून आलेला. लहानपणी आजी विचारायची, 'कुमसार केलास का?' आणि पोटात गोळा यायचा.

पण रेवा, पापनिवेदन तुमच्या कामाचा नाही, आणि कारण पापाचं नाही. कॅथलिक रिवाजात वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करायचंच, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला, आणि ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षाही तिथेच सांगितली. आजही त्याने थेट फोडलं तर तो आपोआप बहिष्कृत होतो. म्हणजे तो सगळा व्यवहार ऐकणाऱ्याच्या तोंडाला लावलेल्या कुलपावर उभा आहे. जाळी असते, चेहरा दिसेलच असं नाही, पण एक माणूस ऐकतो आणि गप्प बसतो. तुमच्या पेजवर बोलणारा लपलेला आणि ऐकणारे मोकाट. जिथे ऐकणारा बांधलेला नाही त्याला कन्फेशन म्हणायला माझी मूळ इंग्रजीतसुद्धा हरकत आहे.

तळटीप

+१. या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. कुमसार शब्द मात्र झकास आहे, पळवावा का?

जुना खोडरबर

आता पोर्तुगीज! अरबी झालं, फारसी झालं, हेच राहिलं होतं. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी केला होता?

तळटीप

पगार, चावी, बटाटा. तिन्ही पोर्तुगीज. उद्यापासून सोडा, मग बोलू. आणि शुद्धीचंच म्हणाल तर कवी माधव ज्यूलियन घ्या. १९२५ ला फार्शी-मराठी कोश त्यांनीच केला आणि पुढे भाषाशुद्धीचा झेंडाही त्यांनीच धरला. टोपणनावातला ज्यूलियन मात्र शेवटपर्यंत तसाच. माणसं अशीच असतात, भाषाही.

जुना खोडरबर

त्यांचं मतपरिवर्तन झालं हाच माझा मुद्दा. तुमचंही होईल, वाट बघतो. (हलके घ्या.)

फक्त वाचतो

पहिल्यांदाच लिहितोय. सगळे कन्फेशनच्या मागे आहेत, पण 'निनावी'चं काय? मी एकदा 'बेनामी पत्र' लिहिलं तर साहेबांनी विचारलं, कुणाच्या नावावर घेतलंय?

वकिली बाणा

साहेब बरोबर. फारसीत 'बेनाम' म्हणजे नाव नसलेला हे खरं, पण आपल्याकडे बेनामी म्हणजे खऱ्या मालकाऐवजी भलत्याच्याच नावावर केलेला व्यवहार. १९८८ चा कायदाच आहे त्यावर. निनावीत नाव नसतं, बेनामीत असतं पण खोटं. त्या हिशेबाने दुसऱ्याची बदनामी करायला 'माझ्या मनातलं' म्हणून टाकलेली पोस्ट चक्क बेनामी ठरते.

ओसरी

अनामिक नको हं. अनामिक हुरहुर असते, अनामिक भीती असते. अनामिक तक्रार कुणी केलेली ऐकली नाही. आणि अनामिका म्हटलं की मला करंगळीशेजारचं बोट आठवतं.

सेमिस्टरग्रस्त

निनावी हा शब्दसुद्धा अर्धाच खरा आहे. फॉर्मच्या मागे शीट असते, तिच्यात प्रत्येक उत्तरापुढे तारीख-वेळ सेकंदासकट उमटते. फॉर्म बनवणाऱ्याने ईमेल गोळा करायचा पर्याय सुरू ठेवला तर पत्ताही येतो. मी बंद ठेवला होता, पण भरणारा माझ्या शब्दावरच होता ना? आणि पत्ता नसला तरी लिहायची ढब असते. आमच्या वर्गात एकच जण 'परंतु' लिहितो. त्याचं आलं की मला कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून मला काहीच माहीत नाही असं दाखवावं लागायचं.

ॲप्सचं तर विचारूच नका. एनजीएल माहीत असेल, निनावी मेसेजचं ॲप. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर आरोप ठेवले की खोटे मेसेज कंपनी स्वतःच पाठवते आणि 'कुणी पाठवलं ते बघा' म्हणून पैसे उकळते. ५० लाख डॉलर भरायचे आणि १८ वर्षांखालच्यांना सेवा द्यायची नाही, यावर मिटलं. म्हणजे निनावी लिहिणारा कधीकधी माणूसच नसतो.

फक्त वाचतो

२०१७ ला ते सराहा आलं होतं ना, निनावी मेसेजचंच? सगळ्यांना कौतुक ऐकायचं होतं म्हणून तसं नाव, हिंदीतलं सराहना.

तळटीप

नाही हो. ते ॲप सौदी माणसाचं, शब्द अरबी, अर्थ 'स्पष्टपणा, मोकळेपणा'. सराहना निघते संस्कृत 'श्लाघा'च्या कुळातून. दोघांची गाठ फक्त कानात पडते. मोकळेपणा मात्र इतका झाला की छळाच्या तक्रारींनंतर २०१८ ला ॲपल आणि गूगल दोघांनीही ते आपापल्या दुकानातून काढलं.

फक्त वाचतो

तरीही सराहना आणि सराहा इतके जवळ कसे? कुठेतरी देवाणघेवाण असणारच.

तळटीप

नसते. पण तुमचा उत्साह कायम राहो.

ओसरी

शब्द आहे आपल्याकडे! शेलापागोटे. स्नेहसंमेलनातले फिशपाँड हो. खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, मग व्यासपीठावरून मोठ्याने वाचायच्या. शेला आणि पागोटं म्हणजे मानाची वस्त्रं, पण देणारा लपलेला आणि मानाच्या नावाखाली टोपी उडवायची. माझ्या नावाने एकदा आलं होतं, 'उत्तर येत नसतानाही हात वर करण्याबद्दल.' अजून सांगते लोकांना. अक्षरावरून कुणी टाकलं ते ओळखलंही होतं, म्हटलं नाही काही.

जुना खोडरबर

वा! शंभर टक्के आपला, नेमका, आणि खोचक. धागा संपला.

सेमिस्टरग्रस्त

ताई, शब्द गोड आहे, पण चिठ्ठ्या आधी कोण चाळायचं?

ओसरी

सांस्कृतिक मंडळाच्या बाई. नको त्या बाजूला काढायच्या.

सेमिस्टरग्रस्त

तेच. आमच्याकडे ती बाई म्हणजे मी होतो, वय १९, परीक्षा चालू, आणि रात्री दोनला 'जगावंसं वाटत नाही' असं एक आलं. टाकू की नको? टाकलं तर कमेंटमध्ये कोणीतरी हसणार. नाही टाकलं तर त्याला वाटणार इथेही कुणी ऐकत नाही. परत लिहायला पत्ता नाही, कारण निनावी. शेवटी पेजवर वेगळी पोस्ट टाकली: ज्याने आत्ता लिहिलंय त्याने मला मेसेज कर, मी जागा आहे. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, तो चोवीस तास चालतो. शेलापागोट्यात हे येत नव्हतं. येत असेल तर तुमच्या बाईंनी बाजूला काढलं असेल.

समुद्रकाठ

मेसेज आला का?

सेमिस्टरग्रस्त

आला. बरा आहे. पुढचं सांगत नाही.

समुद्रकाठ

नकोच सांगू. मघाशी मी ऐकणाऱ्याबद्दल जे म्हणालो ते हेच.

रेवा

यावर खरं तर वेगळा धागा व्हायला हवा. हा नंबर पत्रकात घालतेय. पण शब्द? हितगुज कसा वाटतो? 'निनावी हितगुज'?

तळटीप

गुज म्हणजे गुह्य. ते कानात सांगायचं. हजार लोकांच्या कानात एकदम सांगितलं तर त्याला हितगुज नाही, बोभाटा म्हणतात. पेजलाच नाव द्यायचं तर 'निनावी चव्हाटा' द्या.

जुना खोडरबर

चव्हाटा चालेल. चौ अधिक वाट, चार वाटा जिथे मिळतात ते ठिकाण. देशी शब्द.

फक्त वाचतो

चौ अधिक हाट नाही का? 'व्हा'मधला 'ह' कुठून आला मग?

जुना खोडरबर

'ह' बोलण्यात शिरतो. तिथे बाजार भरलाच पाहिजे असं कुठे आहे?

फक्त वाचतो

वाटेत 'ह' नव्हता, हाटात आहे. मी इतकंच म्हणतो.

रेवा

पत्रक आज गेलं छपाईला. नामच काढून टाकलं: 'नाव न देता पेजवर काही लिहून पाठवाल तेव्हा दुसऱ्या कोणाचीही ओळख पटेल असा तपशील त्यात देऊ नका.' लांब आहे, पण म्होरक्याचं वाटत नाही. मथळ्यात मात्र 'कन्फेशन पेज' ठेवलंय, मुलांना कळायला हवं ना.

जुना खोडरबर

म्हणजे शेवटी इंग्रजीच. असो. फक्त वाचतो, तुम्ही 'चव्हाण'सुद्धा हाटातूनच आणणार का?

तळटीप

काका, चव्हाणांचं काढू नका, धाग्याला कुलूप लागेल.

फक्त वाचतो

चव्हाणांचं मला माहीत नाही, पण 'चौहाट' मी जुन्या कागदात वाचलंय. शोधतो आणि टाकतो.