पावसात प्रायमरची वाट लागली, काय करू?

चाळीतला_सेनापती:
मंडळी, वॉरहॅमरचे (टेबलावरचा युद्धखेळ) दहा छोटे सैनिक जोडले, काल गॅलरीत स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारला तर सगळे साबुदाण्यासारखे खरखरीत, तोंडाचे डिटेल्स गायब. लालबागला राहतो, बाहेर धो धो चालूय. फेकून देऊ का आता?

रंगारी_३२मिमी:
अरे फेकतोस काय! दमट हवेत स्प्रे असाच दाणेदार बसतो. प्लास्टिकचे असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ बुडव (हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव), मग जुन्या टूथब्रशने हळू घास. रेझिनचे असतील तर आधी एकावरच बघ. मी तर जून ते सप्टेंबर स्प्रेला हातच लावत नाही, ब्रशने लावायचा प्रायमर आणतो आणि दोन पातळ हात देतो, जाड थापलास की परत तेच रडगाणं.

गिरगावची_पोर:
+१. आणि जोडलेस कशाने? सुपरग्लूने जोडलेला सैनिकाचा हात, सैनिक पडला की टक्कन निघतो, प्लास्टिक सिमेंट प्लास्टिकच विरघळवून चिकटवतं.

चाळीतला_सेनापती:
सुपरग्लूच 😬 दोघांचे भाले घासतानाच गेले. बाकी तोंडं दिसायला लागली, थँक्स! आई म्हणते एवढंच रंगवायचंय तर खाली गणपतीच्या कारखान्यात जा, चार पैसे तरी मिळतील.