'आप जैसा कोई' नाझियाचं की बिद्दूचं?

टेपवाला
परवा लग्नात डीजेने 'आप जैसा कोई' लावलं, रीमिक्स नाही, मूळवालं. आख्खा हॉल उठला, पंचविशीतली पोरं पण आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली माझी आत्या पण. जेवताना यावरून भावाशी वाजलं, तेच इथे टाकतोय.
'कुर्बानी', १९८०. पिक्चरचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एक गाणं फिरोज खानने लंडनला संगीतकार बिद्दूकडून करून घेतलं. गायली नाझिया हसन, कराचीची, लंडनमध्ये शाळेत जाणारी, जेमतेम १५ वर्षांची. आणि त्यावर फिल्मफेअरचं बेस्ट प्लेबॅक! आता मला सांगा त्यात गायला आहे काय? गळ्याची ना हरकत, ना मुरकी, आमच्या सोसायटीच्या गॅदरिंगमधली मुलगी पण म्हणेल. हे गाणं स्टुडिओने हिट केलंय, गळ्याने नाही. अवॉर्ड मशीनला द्यायला हवं होतं.

सांजवारा
सोसायटीतल्या मुलीकडून म्हणवून घ्याच एकदा आणि मग इथे येऊन लिहा 😄
आशाताईंचं 'ये मेरा दिल' आठवा. त्यातली बाई मुरलेली आहे, समोरच्याला खेळवतेय आणि आपण खेळवतोय हे तिला पक्कं माहितीये. हिंदीत क्लबातलं गाणं म्हटलं की तोवर साधारण तेच असायचं, उसासे, हसणं, श्वास. नाझिया यातलं काहीच करत नाही. मधल्या सुट्टीत बाकावर बसून स्वतःशीच काहीतरी म्हणावं तशी म्हणते, जरा नाकातून, जरा बेफिकीर. समोर पडद्यावर झीनत अमान आणि आवाज हा असा कोवळा, कागदावर हे जमायलाच नको होतं. जमलं ते त्या आवाजामुळेच.

मिक्सर मन्या
मी लग्नाचेच साउंड करतो त्यामुळे माझे दोन पैसे. हेडफोन लावा आणि फक्त तिच्या आवाजाकडे लक्ष द्या. एक नाझिया नाही ऐकू येणार, दोन येतील. तीच ओळ परत गाऊन घेऊन पहिलीवर चढवलेली आहे. माणूस दोनदा डिट्टो सारखं गातच नाही, शब्दाच्या शेवटाला एक टेक केसभर मागे राहतो आणि त्या फटीमुळे बारीक आवाज एकदम भरीव लागतो, वर चकाकी येते ती वेगळीच. बिद्दूने हे लंडनला २४ ट्रॅकवर केलं. म्हणजे बेस वेगळा, किक ड्रम वेगळा, टाळ्या वेगळ्या, प्रत्येकाचा आवाज नंतर निवांत कमीजास्त करायचा. आपल्याकडे तेव्हा बहुतेक गाणी म्हणजे पन्नास-साठ वादक आणि गायक एकाच वेळी, एक जण चुकला की परत पहिल्यापासून. म्हणून त्या काळातली हिंदी गाणी आज मोठ्या स्पीकरवर लावली की खाली बेस शोधावा लागतो आणि हे लावलं की आपोआप छातीत वाजतं. मला तर सेटिंगला हातच लावावा लागत नाही.

टेपवाला
मन्या, अरे तू माझीच बाजू मांडलीस की!!

मिक्सर मन्या
नाही हो काका. दोनदा गाऊन घेतलं तर बेसूर गाणारा दुप्पट बेसूर होतो. माझ्याकडे रोज येतात तसले.

माशेलकार
स्टुडिओ स्टुडिओ काय लावलंय. मुंबईच्या त्या ऑर्केस्ट्रात ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन कोण वाजवत होतं? अर्धेअधिक आमचे गोयंकार. जॅझ आणि स्विंग त्यांनीच तर आणलं हिंदी गाण्यात, अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा, ट्रंपेटवाला चिक चॉकलेट ही नावं पडद्यावर मोठ्या अक्षरात फारशी आली नाहीत ती गोष्ट वेगळी. याच पिक्चरमधलं 'लैला ओ लैला' कल्याणजी-आनंदजींनीच केलं ना, कांचन आणि अमित कुमार, ते नाही नाचवत? लंडनचा शिक्का बसला की आपल्याला सगळं भारी वाटतं.

टेपवाला
माशेलकार, 'लैला' झकासच आहे, पण त्याची उडी वेगळी, ते अजून कॅबरेच आहे. डिस्को म्हणजे किक ड्रम मात्रेमात्रेला पडणार, धप धप धप धप, शेवटपर्यंत हलायचा नाही. कंटाळवाणं वाटायला हवं पण पाय थांबत नाही.
आणि बिद्दूबद्दल. मूळचा बंगलोरचा पोरगा, लंडनला गेला. १९७४ मध्ये कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' याचंच, रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, बी साइडला टाकायला म्हणून सेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांत उरकलेलं, आणि इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे एक नंबर. १९७६ ला टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह', ते पण इंग्लंडात एक नंबर. मग नाझिया. मग १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया'. गायक बदलत गेले, मागे बिद्दू तोच. याहून पुरावा काय देऊ?

सांजवारा
अहो म्हणजे चार वेळा त्याने चार बरोबर गळे शोधले! तुम्ही म्हणताय तसं मशीनच गात असतं तर त्याने तुम्हाला नसतं का उभं केलं माइकसमोर.

रुखवत
अवॉर्डचं कुणीच बोलत नाहीये. लताबाईंनी नव्यांना मिळू दे म्हणून कधीच माघार घेतली होती आणि आशाताईंनी 'डॉन'मधल्या त्याच 'ये मेरा दिल'साठी मिळाल्यावर, १९७९ ला, सांगून टाकलं की यापुढे माझं नाव धरू नका. म्हणजे १९८१ ला दोघी रिंगणातच नाहीत. मैदान मोकळं होतं हो, म्हणून मिळालं.

सांजवारा
गावसकर टीममध्ये नसताना कुणी शंभर काढले तर ते शंभर नव्हेत का? आणि दोघी बाजूला झाल्या त्या याचसाठी ना, मग कुणी नवी आली की नाक कशाला मुरडायचं. बरं, पिक्चरच्या पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला, ती आणि भाऊ झोहेब. तिथे पिक्चर नाही, झीनत नाही, फिरोज खान नाही. आमच्या चाळीत तरीही वाजायचं, दोन कॅसेट एकमेकीवरून उतरवून घेतलेल्या, दुसरीत खरखर जास्त.

टेपवाला
पण बिद्दू होता ना तिथे.

सांजवारा
🤦‍♀️

कोरा कागद
सगळे भांडा, गाणं लिहिणाऱ्या इंदीवरना कुणी विचारू नका. 'कसमें वादे प्यार वफा' सारखं जड गाणं लिहिणारा माणूस, त्याने इथे 'बात बन जाए' एवढ्या तीन साध्या शब्दांवर हुक, म्हणजे डोक्यात अडकणारी ओळ, टांगला. ज्याला हिंदी येत नाही त्यालाही पहिल्या फेरीत पाठ होतं. बीटमध्ये ते इतकं चपखल बसलंय की मला तर वाटतं ड्रम त्या ओळीसाठी लावले असावेत.

टेपवाला
हे पटलं.
बाकी, रात्री हेडफोन लावून मन्याने सांगितलं तसं ऐकलं. दोन नाझिया खरंच ऐकू येतात राव. डाव्या बाजूची किंचित मागे राहते असं मला वाटलं, बायको म्हणते उजवी. अवॉर्डचं माझं मत आहे तेच आहे, पण मागे राहणारी ती दुसरी फार गोड गाते.

मिक्सर मन्या
काका हेडफोन उलटा घातला असेल, एल आर बघा.